अनाहूत यांत्रिक दूरध्वनी : संभाषणाचे नियम आणि उलटविलेला डाव

दूरध्वनीची घंटा वाजली असता प्रथम कोणी बोलावयाचे, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात उद्भवत नाही. ज्याने घंटा वाजविली त्यास काही सांगावयाचे असते, तेव्हा आरंभ त्यानेच करावा, असे कोणी तर्काने म्हणेल. प्रत्यक्षात मात्र ज्याच्या घरी घंटा वाजते तोच प्रथम 'हॅलो' म्हणतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीची मीमांसा केली. पोलिसांच्या आपत्ती-केंद्राशी झालेल्या सुमारे ५०० संभाषणांची ध्वनिमुद्रणे त्यांनी तपासली होती. 'उत्तर देणारा प्रथम बोलतो' हा नियम त्यांतील एक अपवाद वगळता सर्वांस लागू पडला. हा एक अपवाद बाजूस सारणे सोपे होते; शेग्लॉफ यांनी तसे न करता त्याच्यासाठी नियमाचीच फेरमांडणी केली. घंटा हीच मुळात हाक होय, आणि 'हॅलो' ही त्या हाकेला दिलेली ओ होय, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ओ मिळाली की हाक मारणारावर एक बंधन येते : त्याने पुढे बोलले पाहिजे, आणि ओ देणाराने ऐकले पाहिजे.

प्रस्तुत लेखाचा विषय असलेले अनाहूत यांत्रिक दूरध्वनी, ज्यांस अमेरिकेत 'रोबोकॉल' असे नाव पडले आहे, ते या बंधनाचाच व्यापार करतात. येथे हाक मारणारे यंत्र आणि ओ देणारा माणूस असा विषम योग असतो. माणसाच्या अंगवळणी पडलेले शिष्टाचार यंत्रास उपयोगी पडतात, आणि यंत्रास मात्र कोणताच शिष्टाचार बांधून ठेवीत नाही. काही वर्षांपूर्वी कर्ज देऊ करणाऱ्या अशाच एका ध्वनिमुद्रित आवाजास प्रस्तुत लेखकाने सवयीने "कोण बोलतंय?" असे दोनदा विचारले, आवाज आपले म्हणणे संथपणे पुढे सांगत राहिला. भिंतीशी बोलल्याची जी भावना त्या वेळी झाली ती बहुतेक वाचकांच्या परिचयाची असेल. हा डाव उलटविण्याचे जे प्रयत्न गेल्या वीस-पंचवीस वर्षांत झाले त्यांचा येथे विचार करावयाचा आहे. ते केवळ करमणुकीचे नाहीत. संभाषणाची रचना कशावर उभी असते, हे त्यांतून ध्यानात येते.

प्रथम यंत्राची कार्यपद्धती पाहू. स्वयंचलित रीतीने क्रमांक फिरविणाऱ्या यंत्रास पलीकडे माणूस आहे की निरोप घेणारे यंत्र, हे ओळखावे लागते. त्याची कसोटी मोठी मौजेची आहे. जिवंत माणूस एक लहानसा शब्द उच्चारतो आणि थांबतो. निरोप-यंत्र एक लांब वाक्य बोलते. म्हणून उत्तराच्या आरंभीचा ध्वनी किती वेळ चालतो आणि त्यानंतर शांतता केव्हा पडते, एवढेच मोजून बहुतेक यंत्रे निर्णय करतात. 'हॅलो' आणि पाठोपाठ शांतता, हे त्यांच्या लेखी माणसाचे लक्षण ठरते. शेग्लॉफ यांनी वर्णिलेली ओ येथे अक्षरशः सेकंदांच्या मापाने मोजली जाते. जुन्या वळणाचे जे गृहस्थ दूरध्वनी उचलताच "नमस्कार, हे अमुक अमुक यांचे बिऱ्हाड, आपण कोण बोलता?" असे सविस्तर विचारीत, ते अशा यंत्रास निरोप-यंत्रच वाटण्याचा संभव आहे.

डाव उलटविण्याचा पहिला लोकप्रिय प्रयत्न यंत्राच्या या कानावरच होता. २००१ च्या सुमारास अमेरिकेत 'टेलिझॅपर' नावाचे एक लहान उपकरण विक्रीस आले. क्रमांक अस्तित्वात नसल्यास दूरध्वनी केंद्र ९५०, १४०० आणि १८०० हर्ट्झच्या आसपासचे तीन चढते स्वर ऐकवीत असे. या त्रयीतील पहिला स्वर हे उपकरण ग्राहकाने दूरध्वनी उचलताच वाजवी. क्रमांक बंद झाला असे समजून यंत्र तो आपल्या यादीतून काढून टाकील, अशी ही योजना. काही काळ ती फलद्रूपही झाली. परंतु केंद्राकेंद्रांमधील संकेत अंकीय स्वरूपात जाऊ लागल्यावर क्रमांक चालू आहे की नाही हे यंत्रास स्वर न ऐकताच कळू लागले, आणि उपकरण निरुपयोगी ठरले. यंत्रास फसविणे एकंदरीत अल्पजीवी असते, कारण यंत्राची चूक त्याच्या धन्यास एकदाच दुरुस्त करावी लागते.

माणसास फसविणे ही गोष्ट वेगळी आहे, आणि या विषयातील खरी मेख येथेच आहे. यांत्रिक दूरध्वनीच्या धंद्यात यंत्र हे केवळ चाळण असते. लक्षावधी क्रमांक फिरवून ते ध्वनिमुद्रित निरोप ऐकविते आणि 'अमुक कळ दाबा' असे सांगते. जो कळ दाबतो त्याची गाठ मग पगारी माणसाशी पडते. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने २०१८ साली फ्लॉरिडातील एका व्यावसायिकास १२ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. २०१६ च्या अखेरच्या तीन महिन्यांत त्याने ९ कोटी ६० लक्ष असे दूरध्वनी केले होते, म्हणजे दिवसाकाठी १० लक्षांहून अधिक. नामांकित प्रवासी कंपन्यांची नावे सांगणारे ते निरोप असत, आणि कळ दाबणाराची गाठ मेक्सिकोतील विक्रेत्यांशी पडे. या वर्षावामुळे रुग्णालयांना पेजर-सेवा पुरविणाऱ्या एका कंपनीच्या जाळ्यातही व्यत्यय आला होता. यंत्राचा एकेक दूरध्वनी जवळजवळ फुकट पडतो. विक्रेत्याचे मिनिट मात्र फुकट नसते.

कॉर्मक हर्ली यांचा २०१२ सालचा एक निबंध या संदर्भात वाचण्यासारखा आहे. परदेशी संपत्तीचे आमिष दाखविणारी पत्रे लिहिणारे भामटे आपण नायजेरियाचे आहोत असे उघड का सांगतात, हा त्यांचा प्रश्न होता. ते नाव ऐकताच शहाणा वाचक पत्र फेकून देतो, हे भामट्यांस ठाऊक नसते काय? हर्ली यांचे उत्तर असे की, शहाण्याने पत्र फेकून द्यावे हीच त्यांची इच्छा असते. पत्र पाठविण्यास खर्च नाही, परंतु उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी पुढे पत्रव्यवहार करण्यास वेळ लागतो. जो अखेर पैसे देणार नाही त्याने आरंभीच गळून जावे, यासाठी कथा जितकी अविश्वसनीय तितकी चाळण उत्तम. यावरून उलट डावाचे तत्त्व आपोआप निघते. चाळणीतून खाली पडणाऱ्या धान्यात खडे मिसळले, म्हणजे गळणार नाहीत आणि पैसेही देणार नाहीत असे श्रोते निर्माण केले, तर धंद्याचे गणित बिघडते.

हे किती बिघडेल याचा अंदाज काल्पनिक आकड्यांनी करता येतो. समजा, एक लक्ष दूरध्वनींपैकी २०० जण कळ दाबतात आणि प्रत्येकाशी विक्रेत्याची सरासरी पाच मिनिटे जातात. म्हणजे एकूण एक हजार मिनिटे. आता त्या लक्षांपैकी केवळ शंभर जणांनी विक्रेत्यास प्रत्येकी दहा मिनिटे अडकवून ठेवले, तर आणखी एक हजार मिनिटे खर्ची पडतात आणि मजुरीचा खर्च दुप्पट होतो. हजारात एक एवढेच हे प्रमाण आहे. अर्थात, दहा मिनिटे फुकट घालविण्यास तो एक तरी कोठून आणावयाचा? त्याचाही वेळ वेळच असतो. म्हणून माणसाच्या जागी यंत्र बसविण्याची कल्पना पुढे आली.

'लेनी' हा या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध नमुना होय. ऑस्ट्रेलियन धाटणीच्या उच्चारात बोलणारा हा एक वृद्ध गृहस्थ आहे. वस्तुतः तो सोळा ध्वनिमुद्रित वाक्यखंडांचा एक संच आहे. त्यास समोरच्याचे एक अक्षरही कळत नाही. तो फक्त शांततेची वाट पाहतो. विक्रेता बोलावयाचा थांबला की पुढचे वाक्य वाजते, संच संपला की बराचसा भाग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आपणास नीट ऐकू येत नाही, असे तो मधून सांगतो. आपल्या एका मुलीची हकीकत काढतो. मध्येच बदकांचा कलकलाट ऐकू येतो आणि तो क्षमा मागून उठून जातो. साहिन, रेलिए व फ्रांसियों या संशोधकांनी लेनीच्या २०० संभाषणांचे लिप्यंतर करून त्यांचा अभ्यास २०१७ साली सादर केला. संभाषणाची सरासरी लांबी दहा मिनिटांहून थोडी अधिक भरली, आणि आपण ध्वनिमुद्रणाशी बोलत आहो हे सुमारे पाच टक्के प्रसंगीच उघडपणे ओळखले गेले. बऱ्याच संभाषणांत तीच वाक्ये दुसऱ्यांदा येऊनही बोलणे चालूच राहिले.

सोळा वाक्यांना हे साधते कसे? हार्वी सॅक्स, शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी १९७४ मध्ये बोलण्याच्या पाळीचा जो सिद्धान्त मांडला त्यात या कोड्याचे उत्तर आहे. संभाषणात एकावेळी एक जण बोलतो, आणि पाळी बदलण्याच्या जागा दोघांसही ओळखता येतात. लेनी या जागा शांततेवरून ओळखतो, म्हणून तो बहुधा वेळेवर बोलतो. आणि वेळेवर बोललेले वाक्य हे मागील वाक्याचे उत्तरच असणार, असे आपण गृहीत धरतो. अर्थ शोधण्याचे काम अशा रीतीने ऐकणारा करतो. लेनीचे होकार निराधार असतात, परंतु विक्रेता त्यांस आपल्या प्रश्नाशी जोडून घेतो. त्याहूनही प्रभावी वाक्य म्हणजे ऐकू न आल्याची तक्रार. संभाषण-विश्लेषणात यास दुरुस्तीची मागणी म्हणतात. ही मागणी कोणत्याही वाक्यानंतर चालते, तिला विषयाचे ज्ञान लागत नाही, आणि ती आली की चालू विषय बाजूस ठेवून आधी तिचा परामर्श घ्यावा लागतो. विक्रेता आपले सर्व पाठ पहिल्यापासून म्हणू लागतो. जोसेफ वायझेनबाउम यांच्या १९६६ सालच्या 'एलायझा' या संवादी आज्ञावलीने माणसाचेच शब्द उलटून त्यास प्रश्न विचारले होते. लेनी तेवढेही करीत नाही, आणि तरीही निभावून नेतो.

तथापि यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती तितकीशी सुखावह नाही. लेनी वृद्ध आहे, एकाकी आहे, विसरभोळा आहे. विक्रेता दहा मिनिटे टिकून राहतो तो मुख्यत्वे यामुळे की, असा माणूस हे त्याचे उत्तम भक्ष्य असते. म्हणजे लेनीचे यश हे शिकाऱ्याच्या आवडीचे मापही आहे. ब्रिटनमधील 'ओ टू' या दूरध्वनी कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'डेझी' ही कृत्रिम बुद्धीची आजीबाई पुढे आणली, तीही याच नमुन्यावर. फरक एवढाच की डेझी ऐकलेल्या बोलण्याचे लेखन करते, त्यावर उत्तर रचते आणि ते आवाजात बोलते. भामट्यांस तिने एकेका वेळी ४० मिनिटांपर्यंत गुंतवून ठेवल्याचे कंपनीने सांगितले. सिडनीच्या मॅक्वॉरी विद्यापीठातही अशाच संवादी यंत्रांचा प्रकल्प उभा राहिला असून ग्रीक पुराणातील फसवणुकीची देवता 'अपाटे' हिचे नाव त्यास दिले आहे.

वेळेऐवजी पैसा वसूल करण्याचे मार्गही लोकांनी शोधले. इंग्लंडातील लीड्स येथील एका गृहस्थाने २०११ साली स्वतःसाठी जादा दराचा दूरध्वनी क्रमांक घेतला. त्यावर बोलणारास मिनिटास दहा पेनी पडत, आणि त्यांतील बराचसा वाटा या गृहस्थास मिळे. बँका आणि वीज-कंपन्या जेथे जेथे क्रमांक मागत तेथे तो हाच देई. दोन वर्षांत त्यास सुमारे ३०० पौंड मिळाले, आणि नको असलेले दूरध्वनीही घटले. नियामक संस्थेस मात्र हा प्रकार पसंत पडला नाही.

अमेरिकेत १९९१ च्या दूरध्वनी-ग्राहक संरक्षण कायद्याने खुद्द नागरिकासच दाव्याचा अधिकार दिला आहे. नियमबाह्य प्रत्येक दूरध्वनीमागे ५०० डॉलर, आणि जाणूनबुजून केलेला असल्यास १,५०० डॉलरपर्यंत भरपाई मागता येते. या अधिकारातून एक चमत्कारिक खटला उद्भवला. पेनसिल्व्हानियातील एका महिलेने किमान ३५ भ्रमणध्वनी विकत घेतले. ते ती चपलांच्या खोक्यात ठेवी, प्रवासास जाताना बरोबर नेई. कर्ज थकलेल्या लोकांचे सोडून दिलेले क्रमांक आपणास मिळावेत म्हणून तिने आर्थिक दुरवस्थेतील फ्लॉरिडा-भागाचे क्रमांक निवडले होते. वसुलीचे यांत्रिक दूरध्वनी आले की ती दावा लावी. २०१६ साली न्यायालयाने तिचा दावा फेटाळला : जिने दूरध्वनी यावेत म्हणूनच यंत्रे बाळगली तिच्या शांततेचा भंग झाला असे म्हणता येत नाही. निर्णय तर्काला धरून आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा की, ज्यास खरोखर त्रास होतो त्यास दावा लावण्याइतका वेळ नसतो, आणि ज्यास वेळ असतो त्यास त्रास झाला असे मानले जात नाही.

अभ्यासकांस मात्र सापळ्याचा अधिकार कोणी नाकारीत नाही. नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी ६६,६०६ दूरध्वनी-मार्ग केवळ अनाहूत दूरध्वनी पकडण्यासाठी अकरा महिने चालविले, आणि २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे १४ लक्ष ८० हजार दूरध्वनी या सापळ्यात आले. उत्तर दिल्याने पुढील त्रास वाढतो, ही सर्वत्र ऐकू येणारी समजूत त्यांच्या आकडेवारीत टिकली नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कधी कधी एखाद्या क्रमांकावर अचानक दूरध्वनींचे वादळ येई. त्याचे कारण असे की, कोणा यंत्राने तो क्रमांक आपला म्हणून दाखवून इतरत्र दूरध्वनी केलेले असत, आणि चिडलेले लोक उलट दूरध्वनी करीत. येथे उलटविलेला डाव भलत्याच माणसावर जाऊन पडतो. दिसणाऱ्या क्रमांकावर सूड उगविणे म्हणूनच सर्वथा वर्ज्य होय. दाखविलेला क्रमांक खरा आहे याची सांकेतिक ग्वाही एका केंद्राने दुसऱ्यास देण्याची जी पद्धत अमेरिकेत ३० जून २०२१ पासून मोठ्या कंपन्यांस बंधनकारक झाली, ती याच दोषावर उपाय म्हणून.

आणि डाव योग्य माणसावर पडला तरी तो माणूस कोण? ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा ७०० हून अधिक तरुण-तरुणींस ताब्यात घेण्यात आले. त्यांपैकी सुमारे सत्तर जणांस प्रथम अटक झाली. अमेरिकेच्या आयकर खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तेथील लोकांस ते धमकावीत. हाती लिखित पाठ, तोंडी अमेरिकन नाव, आणि महिन्याचा पगार, असा तो व्यवसाय होता. त्या पाठांनी अनेक अमेरिकन वृद्धांची आयुष्याची पुंजी गेली, याविषयी सौम्य बोलण्याचे कारण नाही. परंतु लेनीच्या ध्वनिमुद्रणांवर हसणाऱ्या श्रोत्याने हेही ध्यानात ठेवावे की, चिडणारा आवाज बहुधा पगारी हाताचा असतो, धन्याचा नव्हे. आणि विक्री झाली तरच ज्याचे पोट भरते त्या कायदेशीर विक्रेत्याची दहा मिनिटे ही तर सर्वस्वी त्याच्याच खिशातून जातात. भामटा आणि नुसता कंटाळवाणा विक्रेता यांत भेद करणे लेनीस शक्य नाही, कारण तो ऐकतच नाही. डेझीसारखे ऐकणारे यंत्र हा भेद करू शकेल. तो तिने करावा अशी अपेक्षा ठेवणे अवाजवी होणार नाही.

भारतात या प्रश्नाचा बंदोबस्त मुख्यतः नियामकाच्या हाती आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१० आणि २०१८ साली केलेल्या विनियमांनुसार ग्राहकास आपली नापसंती नोंदविता येते आणि १९०९ या क्रमांकावर तक्रार करता येते; जाहिरातीच्या दूरध्वनींसाठी १४० ने आरंभ होणारी क्रमांकमाला राखून ठेवली आहे. ऑगस्ट २०२४ च्या आदेशानंतर अल्पावधीत पावणेतीन लक्षांहून अधिक जोडण्या तोडण्यात आल्या आणि ५० संस्था काळ्या यादीत गेल्या. मात्र या विनियमांखाली तक्रारदाराच्या पदरी दमडी पडत नाही. दंड होतो तो सेवा देणाऱ्या कंपनीस. उलट डाव मांडण्यास येथे कायद्याने उत्तेजन नाही, तेव्हा जे काही होईल ते लेनीच्याच वाटेने होण्याचा संभव अधिक.

मग मराठीत लेनी रचावयाचा झाल्यास काय करावे लागेल? हा प्रश्न विभागातील विद्यार्थ्यांनी हाती घेण्यासारखा आहे. इंग्रजी लेनीस एक मोठी सवलत आहे : त्याच्या वाक्यांत समोरच्याचे लिंग कोठेच उघड होत नाही. मराठी म्हाताऱ्याने मात्र एखाद्या तरुण आवाजास स्वाभाविकपणे 'अरे' किंवा 'अगं' म्हणावे, 'काय म्हणालास' किंवा 'काय म्हणालीस' असे विचारावे. आणि यांतील एकच रूप ध्वनिमुद्रित असल्यास अर्ध्या प्रसंगी पहिल्याच वाक्यास बिंग फुटेल. 'तुम्ही' धरल्यास 'काय म्हणालात?' हे रूप दोघांसही चालते, 'कुठून बोलताय?' हेही चालते. म्हणजे यंत्रास आदरार्थी बहुवचन हे सभ्यतेसाठी नव्हे, तर केवळ निभाव लागावा म्हणून वापरावे लागेल. परंतु पंचविशीतील विक्रेत्याशी सत्तरीचा गृहस्थ दहा मिनिटे अखंड 'तुम्ही-आम्ही'ने बोलत राहिला तर तो पुणेरी वाटेल की संशयास्पद, हे प्रत्यक्ष संभाषणे तपासल्यावाचून सांगता येणार नाही. होकाराचेही तसेच. 'हं', 'बरं', 'हो का', 'असं होय' यांपैकी 'हं' जवळजवळ कोठेही बसते, 'हो का' ला मात्र मागे काहीतरी नवी माहिती असावी लागते. 'असं होय' हे प्रश्नानंतर आले तर चमत्कारिक वाटते. शिवाय महाराष्ट्रात येणारे पुष्कळसे असे दूरध्वनी हिंदीत किंवा इंग्रजीत सुरू होतात. त्यांस मराठीतच उत्तर देत राहणारा आणि मधूनमधून "जरा मोठ्यानं बोला" म्हणणारा म्हातारा किती मिनिटे टिकतो, आणि समोरचा कोणत्या वाक्यापाशी भाषा बदलतो, याची नोंद मिळाली तर ती लेनीच्या २०० संभाषणांशेजारी ठेवून पाहता येईल.